पोथी, नकाशा आणि पुठ्ठ्याआतली चिठ्ठी : दुर्मिळ संग्रहात पहिल्यांदा जाताना

एका जुन्या ग्रंथालयाच्या दुर्मिळ विभागात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा टेबलामागच्या बाईंना म्हणालो, "काहीतरी जुनं दाखवता का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "क्रमांक?" माझ्याकडे क्रमांक नव्हता. सूची कुठे ठेवलेली असते हेही मला माहीत नव्हतं. तासभर भिंतीवरच्या तसबिरी पाहून मी घरी आलो.

तुमचा तसा तास वाया जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही संशोधक असायला हवं असं नाही. घरात आजोबांची पोथी सापडली आहे, गावाचं नाव जुन्या नकाशात शोधायचं आहे किंवा रद्दीतल्या इंग्रजी पुस्तकात ढाल-सिंहाची चिठ्ठी चिकटवलेली दिसली आहे, एवढं कारण पुरतं. तिन्ही वस्तू पाहताना मी एकच सवय ठेवतो. मुख्य मजकुराकडे नंतर वळायचं, आधी कडा पाहायच्या : पोथीचं शेवटचं पान, नकाशाचा कोपरा, पुस्तकाच्या पुठ्ठ्याची आतली बाजू. कोणी केलं, कधी केलं आणि कोणाकडे होतं, हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पहिली पायरी : कुठे जायचं ते ठरवा

संस्कृत आणि प्राकृत पोथ्यांसाठी पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. ती १९१७ साली स्थापन झाली. मुंबई सरकारने १८६६पासून ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर अशा विद्वानांकरवी गोळा करवलेल्या पोथ्या पुढे तिच्याकडे आल्या. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद पाहायचे तर पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभं केलेलं, आणि धुळ्याला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. तिथे कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत आणि मागणीही रुमालाच्या क्रमांकाने करायची असते.

मुंबईची एशियाटिक सोसायटी १८०४ सालची. १५१६ सालची महाभारतातल्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी आणि इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत एकाच छपराखाली असणारी दुसरी जागा मला माहीत नाही. गोव्याचा इतिहास शोधणाऱ्याला पणजीचं पुराभिलेखागार टाळता येत नाही. त्याची सुरुवात १५९५ सालची आहे, मात्र कागद मुख्यतः पोर्तुगीजमध्ये आहेत.

आणि तंजावर. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत, मोडी कागद आहेत, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी जमवलेली युरोपीय पुस्तकंही आहेत. राजांनी स्वतः इंग्रजीत सही केलेली पुस्तकं तिथे पाहायला मिळतात. महाराष्ट्रातून तिकडे जाणारे बृहदीश्वराचं देऊळ पाहून परततात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

दुसरी पायरी : घरी बसून क्रमांक काढा

संस्थेची छापील किंवा संगणकावरची सूची आधी चाळा. वर्णनात्मक सूची असेल तर पोथीचं नाव, पानं, लिपी, लेखनकाळ आणि शेवटच्या ओळी एवढं सगळं बसल्या जागी कळतं.

इथे नवखा माणूस हमखास फसतो तो वर्षाच्या आकड्यावर. भांडारकर संस्थेच्या सरकारी संग्रहातल्या पोथीचा क्रमांक 'अमुक / १८७५-७६' अशा धर्तीचा असतो. हे वर्ष पोथी मिळवल्याचं असतं, ती लिहिल्याचं नव्हे. १८७५-७६च्या गठ्ठ्यात ब्यूलरने काश्मीरहून आणलेल्या पोथ्या आहेत, आणि त्यांतली भूर्जपत्रं त्या सालाहून कितीतरी जुनी आहेत.

मग पत्र किंवा ईमेल करा. काय पाहायचं, कशासाठी पाहायचं आणि फोटो हवे आहेत का, या तीन गोष्टी पाच ओळींत बसवा. ओळखपत्राची प्रत जोडा. काही ठिकाणी कॉलेजचं किंवा परिचिताचं शिफारसपत्र मागतात. पत्राच्या शेवटी "प्रत्यक्ष पोथी देणं शक्य नसेल तर स्कॅन चालेल" असं लिहा. कागद ठिसूळ झालेला असेल तर नाहीतरी स्कॅनच मिळणार असतो, आणि आधीच समजूतदारपणा दाखवलेल्या माणसाला पुढच्या खेपेला दार लवकर उघडतं.

तिसरी पायरी : टेबलावर बसण्याआधी

शिसपेन, कोरा कागद, भिंग आणि मोजपट्टी सोबत ठेवा. पेन पिशवीत आणि पिशवी बाहेर. पाण्याची बाटलीही बाहेर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. चित्रपटात दाखवतात ते पांढरे हातमोजे कागदाच्या पोथीसाठी घालू नका, कारण त्यांतून बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. जुन्या छायाचित्रांना मात्र हातमोजे लागतात. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय असेल तर ती उंबऱ्याबाहेर ठेवा. हे सांगावं लागतं, कारण मी पाहिलं आहे.

कर्मचारी तुमच्याकडे टक लावून बसले तर राग मानू नका. २००५ साली येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमिनीवर पडलेलं एक धारदार पातं तिथल्या कर्मचारी बाईंना दिसलं आणि त्यातून फोर्ब्स स्माइली हा नकाशांचा नामांकित व्यापारी पकडला गेला. वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं त्याने पुढे कबूल केलं. तो चांगल्या कपड्यातला, सगळ्यांच्या ओळखीचा वाचक होता.

चौथी पायरी : पोथी

आपली पोथी शिवलेली नसते. सुटी, आडवी पानं वर-खाली दोन फळ्यांत ठेवून कापडाच्या वेष्टनात बांधलेली असतात. वेष्टन सोडताना गाठ कशी होती ते पाहून ठेवा. पान दोन्ही हातांनी उचलून वाचणाऱ्याच्या दिशेने उलटायचं आणि डाव्या-उजव्या ढिगांचा क्रम बिघडू द्यायचा नाही. पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूला समासात असतो. एका समासात ग्रंथाचं आद्याक्षर आणि आकडा, तर दुसऱ्यात 'राम' किंवा 'श्री' आणि पुन्हा तोच आकडा. पहिल्यांदा नुसते आकडे मोजा. मधलं पान गायब असेल तर ते आपण आल्यावर गेलं नाही, हे नोंदवून ठेवलेलं बरं.

कागदाकडे पाहा. तो घोटून गुळगुळीत केलेला असेल तर दौलताबादी किंवा जुन्नरी कागदाची शक्यता मनात धरा, पण नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊ नका. मजकुरावर पिवळे ठिपके किंवा पट्टे दिसले तर ते डाग नव्हेत. चुकलेलं अक्षर हरताळ, म्हणजे एक पिवळं खनिज, लावून झाकत, 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आलेला. पिवळ्याखाली काय होतं ते भिंगातून कधीकधी दिसतं, आणि पोथी पाहण्यातला सगळ्यात मोठा आनंद मला तिथे मिळतो.

आता शेवटचं पान. इथे पुष्पिका, म्हणजे समाप्तीचा मजकूर असतो : शके, संवत्सर, महिना, तिथी, वार, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, कोणासाठी लिहिलं ते. मागोमाग बहुतेक वेळा नकलकाराचा ठरलेला श्लोक येतो :

यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया ।
यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥

जसं पाहिलं तसं उतरवलं, चुकलं तर बोल मला लावू नका. हात झटकण्याची ही रीत शेकडो पोथ्यांत आहे. तिच्या जोडीला पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर ताठवून, खाली मान घालून कष्टाने लिहिलं आहे, तेव्हा जपा, अशी विनवणीही असते. श्लोक छापील साच्यातला असला तरी मागची पाठदुखी खरी आहे.

शके मिळालं की इसवी सन काढणं सोपं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव कामी येतं. शकात १२ मिळवून ६०ने भागा. जी बाकी उरेल तितकावा संवत्सर, साठ नावांच्या चक्रातल्या पहिल्या प्रभवापासून मोजून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शिवराज्याभिषेक शके १५९६चा : १५९६ + १२ = १६०८, बाकी ४८, आणि ४८वा संवत्सर आनंद. राज्याभिषेकाच्या सालाला आनंदनाम संवत्सरच म्हणतात, म्हणजे गणित जुळलं. पोथीतला शक आणि संवत्सर जुळत नसतील तर एकतर तुम्ही आकडा चुकीचा वाचला आहे, किंवा नकलकाराने चूक केली आहे. दुसरी शक्यता मान्य करण्याआधी पहिली तीनदा तपासा. गुजरात-राजस्थानकडच्या पोथीत 'संवत्' असेल तर तो विक्रम संवत. त्यातून ५७ किंवा ५६ वजा करायचे.

एक मोठा सापळा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शेवटी 'शके बाराशते बारोत्तरे' येतं. ते पाहून "आमच्याकडे १२९० सालची ज्ञानेश्वरी आहे" असं सांगणारे सज्जन मला भेटले आहेत. शके १२१२ हा टीका रचल्याचा काळ. तो ओवीतच असल्यामुळे कालपरवा उतरवलेल्या प्रतीतही येणारच. त्याच्या पुढे एकनाथांनी पाठ शुद्ध केल्याचा शके १५०६ आणि तारण संवत्सर दिसला, तर प्रत त्या शुद्ध पाठावरून आली एवढंच कळतं. (१५०६चं गणित वरच्या रीतीने करून पाहा, बाकी १८ येते आणि तारण अठरावाच.) प्रतीचा स्वतःचा शक त्याच्याही खाली, बहुधा वेगळ्या, घाईच्या अक्षरात असतो. तो नसेल तर नाही म्हणायचं.

मोडी पत्रांचा हिशेब निराळा. तिथे साल अरबी आकड्यांच्या नावांनी येतं, एकं आधी आणि हजार शेवटी : 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. हा शुहूर सन. त्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. जानेवारी १७६१चं पानिपत याच ११६१मध्ये बसतं. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिना. मोडी येत नसेल तर पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षणवर्ग घेतं. अक्षरं महिन्याभरात येतात. शब्द तोडायला मात्र फार वेळ लागतो, कारण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वाचता येईपर्यंत शिक्का पाहा. वर मुख्य मुद्रा असते. शिवाजीमहाराजांच्या पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही लहान मोर्तब आली म्हणजे मजकूर तिथे संपला, त्यापुढे कोणी भर घातली तर ती उपरी. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी 'राजा शाहू नरपति हर्षनिधान' आणि मग स्वतःचं नाव मुख्य प्रधान म्हणून. राज्य कोणाच्या नावाने चालतं ते शिक्का न चुकता सांगतो.

पाचवी पायरी : नकाशा

नकाशा स्वतः उलगडू नका, कर्मचाऱ्याला उलगडू द्या. घड्यांवरच तो फाटतो.

जेम्स रेनेलचा १७८२चा हिंदुस्थानचा नकाशा कुठे मिळाला तर आधी त्याचं कोपऱ्यातलं शीर्षकचित्र पाहा. पंडित आपल्या पोथ्या ब्रिटानियाच्या, म्हणजे देवीरूपातल्या ब्रिटनच्या, हाती सोपवताहेत आणि ती त्यांना आश्रय देते आहे, असं ते चित्र आहे. कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या सर्वेक्षकाने प्लासीनंतर पाव शतकाने ते छापलं. किनारे आणि नद्या पाहण्याआधी नकाशा कोणाच्या बाजूने काढला आहे ते तिथेच समजतं.

मग खालच्या कडेची प्रकाशनाची ओळ. १७३५च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये कोरलेल्या चित्रांवर आणि नकाशांवर मालकाचं नाव आणि तारीख घालू लागले. पण नकाशा ज्यावर कोरलेला असतो तो तांब्याचा पत्रा तसाच ठेवून वीस वर्षांनीही छापता येतो आणि तारीख जुनीच राहते. म्हणून कागद पाहावा. परवानगी घेऊन तो उजेडासमोर धरला तर जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसतं. १७९४नंतरच्या इंग्रजी कागदात, उदाहरणार्थ व्हॉटमन या कागदवाल्याच्या, पुष्कळदा सालही असतं. ओळीत १७८२ आणि जलचिन्हात १८०१ असेल तर तो ताव १८०१च्या आधी छापलेला असूच शकत नाही. तांब्यावरून छापलेल्या नकाशाभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला जाणवते (बोट हळूच फिरवा). शिळाछापात ती नसते. मागे लॅटिन किंवा फ्रेंच मजकूर छापलेला असेल तर हे पान कुठल्यातरी ॲटलासातून सुटलेलं आहे.

गावांची नावं मोठ्याने वाचा, डोळ्यांपेक्षा कान लवकर ओळखतो. 'दाबुल' म्हणजे दाभोळ, 'विसापूर' आपलं विजापूर, 'बोंबाइम' मुंबई, 'बासाइम' वसई. युरोपीय नकाशांत कोकणचा किनारा नावांनी गजबजलेला आणि घाटावर ओसाड दिसेल. गलबतं किनाऱ्याला लागत होती, देशावरची गावं ऐकीव होती. लिन्सखोतेन हा डच माणूस गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या १५९६च्या ग्रंथात गोवा शहराचा नकाशा आहे, त्यात बाजाराची गर्दीही आहे. अशा पाहून काढलेल्या नकाशाशेजारी दुसऱ्याचं उचलून काढलेला ठेवला की फरक लगेच दिसतो.

रेखांशाने घाबरू नका. मुंबई ९०.५ अंशांवर दिसली तर नकाशा चुकलेला नाही, मोजणी कॅनरी बेटांतल्या फेरोपासून केलेली आहे. ७०.५ दिसली तर पॅरिसपासून. ग्रिनिचवर बहुतेक देशांचं एकमत १८८४ साली झालं.

मराठी आमदानीतल्या हाताने काढलेल्या नकाशात उत्तर वर असेलच असं नाही, प्रमाणही एकसारखं नसतं. किल्ला समोरून पाहिल्यासारखा उभा आणि नदी वरून पाहिल्यासारखी. त्याला अडाणी म्हणू नका. तो चालणाऱ्याचा नकाशा आहे, कागद फिरवत वाचायचा.

सहावी पायरी : पुठ्ठ्याआतली चिठ्ठी

जुन्या इंग्रजी पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा उघडला की आतल्या बाजूला कधीकधी छापील चिठ्ठी चिकटवलेली असते. ही बुकप्लेट. पंधराव्या शतकात जर्मनीत ही चाल पडली. ड्यूरर या चित्रकाराने न्यूरेम्बर्गच्या पिर्कहायमर या विद्वान मित्रासाठी केलेल्या चिठ्ठीवर 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. आपला नकलकार 'मूर्खाच्या हाती देऊ नका' म्हणतो. मला स्वभावाने दुसरा जवळचा वाटतो, पहिल्याची पुस्तकं परत आली असतील का ही शंका राहतेच.

कुलचिन्हाची चिठ्ठी वाचायला सुरुवात ढालीपासून करा. छपाई काळी-पांढरी असली तरी रंग लपवलेले आहेत. पेत्रा सान्क्ता नावाच्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने १६३८ साली प्रचारात आणलेली रेघांची खूण पुढे सगळ्या युरोपात रुळली. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा. पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेघा हिरव्या, उलट तिरप्या जांभळ्या. जाळी काळी, ठिपके सोनं, कोरी जागा रुपं. मी असं लक्षात ठेवलं : ज्योत उभी म्हणून तांबडी, पाणी आडवं म्हणून निळं, ठिपके म्हणजे सोन्याचे मणी.

ढाल मधोमध उभी विभागलेली असेल तर बहुधा डावीकडे नवऱ्याचं घराणं आणि उजवीकडे बायकोचं. ढालीच्या वर शिरस्त्राणावरचा तुरा, खाली फितीवर ब्रीद. नुसत्या तुऱ्यावरून घराणं ठरवू नका, एकच सिंह पन्नास घराण्यांत सापडतो. ढाल, तुरा, ब्रीद आणि नाव, चारही जुळवा. नाव कापलेलं असेल तर ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रँक्स संग्रहाची छापील सूची उपयोगी पडते. फ्रँक्सने १८९७ साली मृत्युपत्राने ठेवलेल्या चिठ्ठ्या हजारोंनी मोजाव्या लागतात. काळाचा अंदाज नक्षीवरून येतो. भरगच्च, दोन्ही बाजू सारख्या, खवल्यांची नक्षी असेल तर साधारण १७००-१७४५. शिंपले आणि फुलांचे वाकडेतिकडे, एका अंगाला झुकलेले वेल असतील तर १७४०-१७८०. त्यानंतर फावड्याच्या आकाराची साधी ढाल आणि फुलमाळा.

हे सगळं परकं वाटत असेल तर जमशेटजी जीजीभाईंचं चिन्ह डोळ्यांसमोर आणा. १८५७ साली ते बॅरोनेट झाले, म्हणजे त्यांना वंशपरंपरागत ब्रिटिश किताब मिळाला, हा मान मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या निळ्या ढालीत सह्याद्रीच्या घाटावर उगवणारा सूर्य आहे आणि वर दोन उडत्या मधमाश्या. ब्रीद 'उद्योग आणि औदार्य' या अर्थाचं. म्हणजे ही ढाल कोरीव छापली तर मागे आडव्या रेघा येणार. इंग्रजी चिन्हशास्त्राच्या चौकटीत मुंबईतून दिसणारी सकाळ बसवली आहे. पुढे १८७७च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रॉबर्ट टेलरने रचलेल्या चिन्हांचे रेशमी ध्वज वाटले गेले. त्यामुळे संस्थानिकाच्या पुस्तकातली ढाल किती पिढ्यांची, असा प्रश्न पडला तर आधी ते साल आठवा.

चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी, शेजारी रबरी शिक्का, वर दाखल क्रमांक, कोपऱ्यात विक्रेत्याचं इवलंसं लेबल असं सगळं असेल तर तुमचं नशीब. पुस्तक या हातातून त्या हातात कसं गेलं ते क्रमाने लिहून काढा. वाफ देऊन चिठ्ठी सोडवण्याचा मोह मात्र नको. सुटी झालेली चिठ्ठी निव्वळ चित्र असते. बाजारात अशा सुट्या चिठ्ठ्या आणि ॲटलास फाडून सुटे केलेले नकाशे मिळतात. मी ते घेत नाही. तुम्ही घेणार असाल तर १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आधी समजून घ्या : ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित त्यात येतं, आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे आजोबांची पोथी पाठवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. स्कॅन पाठवा.

सातवी पायरी : उठण्याआधी

नोंदीत संस्थेचं नाव, क्रमांक, पान आणि त्याची बाजू, तारीख, आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं उतरवा. शंकेची अक्षरं कंसात ठेवा. तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात. फोटोची परवानगी असेल तर पहिला फोटो क्रमांकाच्या चिठ्ठीचा घ्या, नाहीतर महिन्याने चारशे फोटो कोणत्या पोथीचे ते तुम्हालाच कळणार नाही. फ्लॅश बंद.

मग पानं पुन्हा मोजा, फळ्या ठेवा, वेष्टन घाला. पोथीचा आणखी एक जुना श्लोक आहे, त्यात ती स्वतः बोलते : तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा. गाठ आधी होती तशीच घट्ट बांधा आणि पोथी टेबलामागच्या कर्मचाऱ्याच्या हातात द्या. टेबलावर सोडून निघू नका.